खुर्चीपर्यंत पोहोचलेली परिचारिका : एस्टेल मॅसी ऑस्बर्न

आपल्या वस्त्यांमधून नर्स झालेल्या मुली पुष्कळ आहेत. कोणाची बहीण जिल्हा रुग्णालयात आहे, कोणाची सून प्राथमिक आरोग्य केंद्रात. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवले आणि त्या घराचा आधार झाल्या. त्याचा अभिमान बाळगायलाच हवा. पण एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अधिपरिचारिका म्हणून रुजू झालेली ही मुलगी पुढे कुठपर्यंत जाते? परिसेविका, पाठ्यनिर्देशिका, अधिसेविका, नर्सिंग कॉलेजची प्राचार्य, परीक्षक, कौन्सिलची सदस्य या शिडीच्या कोणत्या पायरीवर तिचे पाऊल थांबते? आणि ते कोण थांबवते?

रुग्णाच्या उशाशी कोणी उभे राहायचे यावर प्रस्थापितांचा फारसा आक्षेप नसतो. मलमूत्र काढायला, जखमा धुवायला, रात्रपाळी करायला हात हवेच असतात. आक्षेप सुरू होतो तो खुर्चीपाशी. कोणाला प्रवेश द्यायचा, कोणाला नापास करायचे, कोणाची ड्युटी कुठे लावायची, कोणाचा गोपनीय अहवाल कसा लिहायचा, हे ठरवणारी ती खुर्ची. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय परिचारिकेने हे फार लवकर ओळखले होते. त्या खुर्चीची किल्ली पदव्युत्तर शिक्षणात आहे, हेही तिला उमगले होते. तिचे नाव एस्टेल मॅसी ऑस्बर्न. नर्सिंग शिक्षणातील मास्टर्स पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन परिचारिका. ही पदवी तिने १९३१ साली घेतली ती कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून. कोलंबिया म्हटल्यावर आपल्या वाचकांचे कान टवकारणारच. त्याकडे पुढे येऊ.

एस्टेलबाईंचा जन्म ३ मे १९०१ रोजी टेक्सास राज्यातील पॅलेस्टीन नावाच्या गावी झाला. हॉल आणि बेटी मॅसी यांच्या अकरा मुलांपैकी त्या आठव्या. टेक्सास म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग. गुलामगिरी कायद्याने जाऊन पस्तीस-छत्तीस वर्षे झाली होती, पण शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, दवाखान्याचे दार वेगळे असा सगळा कारभार होता. आपल्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा गावात काळ्या मुलींच्या वाट्याला येणारे नेहमीचे काम म्हणजे गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी आणि मुले सांभाळणे. एस्टेलच्या आईने आपल्या लेकरांना गोऱ्यांच्या घरी कामाला पाठवायचे नाही असे ठरवले होते. तिथे मिळणारे पैसे दिसतात, पण तिथे रोज गिळावा लागणारा अपमान मुलाच्या मनात कायमचा घर करतो, हे त्या माउलीला कळत होते. अकरा मुलांच्या संसारात हा निर्णय सोपा नव्हता. एस्टेलबाई पुढे आयुष्यभर कोणापुढे मान खाली घालून बोलल्या नाहीत, त्याचे मूळ मला या घरात दिसते.

प्रेअरी व्ह्यू इथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकून त्या शिक्षिका झाल्या. काही काळ शाळेत शिकवल्यावर त्या मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरात दंतवैद्य असलेल्या भावाकडे आल्या आणि त्याच्या सल्ल्याने नर्सिंगकडे वळल्या. शहराने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे रुग्णालय काढले होते, त्याचे नाव सिटी हॉस्पिटल क्रमांक दोन. नावातच क्रमांक दोन! तिथल्या नर्सिंग शाळेच्या पहिल्या तुकडीत एस्टेल दाखल झाल्या आणि १९२३ साली उत्तीर्ण झाल्या. राज्याच्या परीक्षेत नव्वद टक्क्यांवर गुण पडले. त्याच रुग्णालयात वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका म्हणून नेमणूकही झाली.

आणि तिथेच रस्ता संपला. रुग्णालय काळ्यांचे, रुग्ण काळे, राबणाऱ्या मुली काळ्या, पण वरची बढती मात्र रंग बघून. तीन वर्षे काम केल्यावर, या वॉर्डात आपण म्हाताऱ्या होऊ पण या इमारतीचा कारभार काही आपल्या हाती येणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्या बाहेर पडल्या आणि कॅन्सस सिटीत शरीरशास्त्र व आरोग्य हे विषय शिकवू लागल्या.

इथे थोडे थांबून त्या काळातली नर्सिंगची शाळा म्हणजे काय चीज होती ते समजून घेतले पाहिजे. नाहीतर पदव्युत्तर शिक्षणाचे एवढे कौतुक कशाला, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत नर्सिंगच्या बहुतेक शाळा रुग्णालयांच्या मालकीच्या होत्या. शाळा नावाला. मुली तीन वर्षे वॉर्डात राबत, रुग्णालयाला जवळजवळ फुकटचे मनुष्यबळ मिळे आणि उरलेल्या वेळात थकलेल्या डोळ्यांनी त्या व्याख्याने ऐकत. शिकवणाऱ्यांना शिकवण्याचे शिक्षण नसे. शाळा चालवणारी मेट्रन आधी रुग्णालयाची व्यवस्थापक, मग जमले तर शिक्षिका. विद्यार्थिनींची ही लूट १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने उघडी केली. ही सर्वसाधारण शाळांची स्थिती. कृष्णवर्णीय मुलींच्या शाळांची स्थिती त्याहून वाईट होती. १९२५ साली रॉकफेलर फाउंडेशनने एथेल जॉन्स या कॅनडियन परिचारिकेकडून कृष्णवर्णीय परिचारिकांच्या स्थितीची पाहणी करून घेतली. अपुरी साधने, अपुऱ्या शिक्षिका, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पूर्वग्रह हे सगळे तिने नोंदवले. तो अहवाल त्या वेळी छापलाच गेला नाही. दुखणे कळते, पण कागद कपाटात जातो, हा अनुभव काही एकट्या अमेरिकेचा नाही.

या दुष्टचक्रातून नर्सिंगला बाहेर काढायचे तर शाळा चालवणारी आणि शिकवणारी माणसे विद्यापीठात घडली पाहिजेत, असा विचार करणाऱ्या काही बायका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आल्या. त्यांच्या प्रयत्नाने १८९९ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. प्रशिक्षित परिचारिकांना अधिसेविका आणि शिक्षिका म्हणून तयार करायचे, हा त्याचा उद्देश. १९०७ साली अॅडलेड नटिंग तिथे प्राध्यापक झाल्या. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणारी जगातली पहिली परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यानंतर १९२५ पासून इझाबेल स्टुअर्ट यांनी विभाग सांभाळला. वॉर्ड कसा चालवायचा, अभ्यासक्रम कसा आखायचा, मुलींची परीक्षा कशी घ्यायची, हाताखालच्या माणसांवर देखरेख कशी ठेवायची हे सगळे इथे शास्त्र म्हणून शिकवले जाई.

आता कोलंबियाची गोष्ट. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठ आणि टीचर्स कॉलेज यांच्यामध्ये न्यूयॉर्कचा १२० क्रमांकाचा रस्ता आहे, एवढेच अंतर. ज्या जॉन ड्यूई यांना बाबासाहेब गुरू मानत, ते टीचर्स कॉलेजातही शिकवत असत. म्हणजे आपला माणूस अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बुडालेला असताना रस्त्यापलीकडे नर्सिंगच्या भावी प्राचार्य घडत होत्या. ओढूनताणून नाते जोडायचे नाही. एस्टेलबाई तिथे आल्या त्या बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून दहा वर्षे उलटल्यावर. पण ज्यांना आपापल्या मुलखात विद्यापीठाची दारे बंद होती किंवा अर्धवट उघडी होती, त्यांच्यासाठी हा परिसर काय होता, हे यावरून ध्यानात येते. दक्षिणेतील कितीतरी कृष्णवर्णीय शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत टीचर्स कॉलेजची सत्रे करायला येत, कारण त्यांच्या राज्यातील विद्यापीठ त्यांना घेत नसे. एस्टेलबाई ज्या मिसुरीत राबल्या तिथले राज्य विद्यापीठ १९५० पर्यंत कृष्णवर्णीयांना बंद होते. लॉइड गेन्स या तरुणाला कायदा शिकायला प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तो निकाल १९३८ चा.

एस्टेलबाईही आधी अशाच उन्हाळी सत्रांना आल्या. नोकरी करून सुट्टीत शिकायचे. मग ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीची शिष्यवृत्ती मिळाली आणि पूर्ण वेळ शिकता आले. ही शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय परिचारिका. हे रोझेनवाल्ड सीअर्स रोबक या प्रचंड मोठ्या व्यापारी कंपनीचे प्रमुख. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांसाठी त्यांच्या निधीतून पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या राहिल्या. काही जण विचारतील, भांडवलदाराचा पैसा घेऊन चळवळ करता येते का? बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीचा इतिहास माहीत असलेल्यांना हा प्रश्न पडू नये. पैसा कोणाचा यापेक्षा तो घेऊन माणूस कोणाच्या बाजूने उभा राहिला हे पाहावे.

१९३० साली पदवी आणि १९३१ साली मास्टर्स. न्यूयॉर्कमध्ये असतानाच त्यांनी हार्लेम हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शिकवले. काळ्या मुलींच्या त्या शाळेत काळी शिक्षिका तोवर आलीच नव्हती. त्यानंतर त्या वॉशिंग्टनला फ्रीडमन्स हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शैक्षणिक संचालक झाल्या. हे रुग्णालय १८६२ साली, म्हणजे यादवी युद्धाच्या काळात, गुलामीतून सुटून आलेल्या माणसांसाठी निघाले होते. पुढे रोझेनवाल्ड निधीच्याच कामासाठी त्यांनी दक्षिणेतील खेड्यापाड्यांतून कृष्णवर्णीयांच्या आरोग्याचा अभ्यास केला. मास्टर्स झालेली बाई चिखलवाटा तुडवत कुटुंबे बघत फिरते, हे मला त्या पदवीपेक्षा मोठे वाटते. शिक्षणाने माणूस आपल्या माणसांपासून दूर जातो, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. इथे उलटे घडले.

१९३४ साली त्या नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड ग्रॅज्युएट नर्सेस या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. (इथे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर नव्हे, नर्सिंग शाळा उत्तीर्ण झालेली प्रशिक्षित परिचारिका.) ही संघटना १९०८ साली स्थापन झाली ती नाइलाजाने. अमेरिकन नर्सेस असोसिएशन या मोठ्या संघटनेत जायचे तर राज्य शाखेतून जावे लागे आणि दक्षिणेतील राज्य शाखा काळ्या परिचारिकांना सदस्य करून घेत नसत. वर केंद्रीय नेतृत्व म्हणे, आम्ही कुठे कोणाला अडवतो, राज्य शाखांचे नियम आहेत. दार उघडे आहे, फक्त दारापर्यंतची पायवाट दुसऱ्याच्या शेतातून जाते! आपल्या गावच्या पाणवठ्याचे राजकारण ज्याने पाहिले आहे त्याला ही युक्ती ओळखीची वाटेल.

एस्टेलबाई १९३९ पर्यंत अध्यक्ष होत्या. त्यांच्या जोडीला मेबल स्टॉपर्स कार्यकारी सचिव म्हणून होत्या. स्टॉपर्सबाई रस्त्यावरच्या आणि दरबारातल्याही लढवय्या, तर एस्टेलबाई समितीच्या टेबलावर समोरच्याला त्याच्याच शास्त्राने गप्प करणाऱ्या. मरगळलेल्या संघटनेत या दोघींनी जीव ओतला. समान कामाला समान पगार, शाळांचा दर्जा, बढतीत न्याय या मागण्या त्यांनी लावून धरल्या. गोऱ्या प्राध्यापिका नर्सिंग शिक्षणाच्या भाषेत बोलत, तेव्हा त्याच भाषेत, त्याच कॉलेजात शिकलेली काळी बाई समोर उभी असे. तिला भावनाप्रधान म्हणून उडवून लावता येत नव्हते. मास्टर्स पदवीचा खरा उपयोग हा. भिंतीवर टांगायला ती घेतलेली नव्हती.

दरम्यान सेंट लुइसच्या क्रमांक दोनच्या रुग्णालयाची जागा १९३७ साली नव्या, भव्य होमर जी. फिलिप्स हॉस्पिटलने घेतली. ज्या कृष्णवर्णीय वकिलाने या रुग्णालयासाठी शहराशी झगडा केला आणि ज्याचा १९३१ साली खून झाला, त्याचे नाव त्याला दिले गेले. त्या रुग्णालयात पहिल्या कृष्णवर्णीय नर्सिंग संचालक म्हणून एस्टेलबाई परत आल्या. ज्या संस्थेत त्यांना वॉर्डाच्या पुढे वाट नव्हती, त्याच संस्थेच्या वारशात आता ड्युटी लावणारी, मुली निवडणारी, शिक्षिका नेमणारी खुर्ची त्यांच्याकडे होती.

मग दुसरे महायुद्ध आले. परिचारिकांचा तुटवडा पडला, तरी अमेरिकन लष्कराने १९४१ साली कृष्णवर्णीय परिचारिकांसाठी फक्त ५६ जागा ठेवल्या, त्याही काळ्या सैनिकांच्या वॉर्डांसाठी. नौदलाने तर दारच लावून घेतले होते. या लढ्याची आघाडी स्टॉपर्सबाईंनी सांभाळली. एस्टेलबाई १९४३ साली युद्धकालीन राष्ट्रीय नर्सिंग परिषदेच्या सल्लागार झाल्या आणि त्यांनी आपले लक्ष शाळांवर केंद्रित केले. हा निर्णय नीट समजून घेण्यासारखा आहे. लष्करातील भरती युद्धासोबत संपणार होती. शाळेत शिरलेली मुलगी मात्र चाळीस वर्षे व्यवसायात राहते, त्यातलीच कोणी पुढे शिक्षिका होते, कोणी अधिसेविका. त्या राज्याराज्यांत फिरल्या, शाळांच्या प्रमुखांना भेटल्या, आकडे मांडले, गाऱ्हाणी ऐकून घेतली आणि प्रवेश मागितले. कृष्णवर्णीय मुलींना घेणाऱ्या नर्सिंग शाळा १४ होत्या, त्या दोन वर्षांत ३८ झाल्या. त्याच काळात बोल्टन कायद्याने सुरू झालेल्या कॅडेट नर्स योजनेत दोन हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मुलींना सरकारी खर्चाने नर्सिंग शिकता आले. जानेवारी १९४५ मध्ये लष्कराने जागांची मर्यादा उठवली आणि नौदलानेही दार उघडले.

महायुद्ध संपण्याच्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठाच्या नर्सिंग शिक्षण विभागात त्यांची नेमणूक झाली. आता त्यांच्यासमोर बसणाऱ्यांत गोऱ्या परिचारिकाही होत्या, उद्याच्या अधिसेविका आणि प्राध्यापिका होऊ पाहणाऱ्या. त्या विद्यापीठात शिकवणारी ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. सेंट लुइसमध्ये जिला वरच्या खुर्चीलायक मानले नव्हते, ती आता त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना घडवत होती. १९४६ साली त्यांना मेरी महोनी पुरस्कार मिळाला. १८७९ साली प्रशिक्षण पूर्ण केलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय परिचारिकेच्या नावाचा हा पुरस्कार.

१९४८ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने अखेर नियम बदलला. राज्य शाखेने नाकारलेल्या परिचारिकेला थेट राष्ट्रीय सदस्यत्व घेता येईल असे ठरले आणि त्याच अधिवेशनात एस्टेलबाई संचालक मंडळावर निवडून आल्या. तिथे बसलेली ती पहिली काळी बाई. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेला अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून त्या गेल्या.

यानंतर एक मोठा आणि वादाचा निर्णय झाला. मुख्य संघटनेचे दार उघडले, आता वेगळ्या संघटनेची गरज काय, असे म्हणून कृष्णवर्णीय परिचारिकांची ती संघटना १९५१ साली विसर्जित करण्यात आली. एस्टेलबाई आणि स्टॉपर्सबाई दोघीही याच्या बाजूच्या. त्यांच्या दृष्टीने तो विजय होता आणि तो खोटा नव्हता. पण मला यात एक खटकते. दार उघडल्यावर आत गेलेल्यांना आपले दुखणे मांडायला आपले असे व्यासपीठ उरले नाही. वीस वर्षे गेली आणि १९७१ साली नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन या नावाने कृष्णवर्णीय परिचारिकांना पुन्हा संघटना काढावी लागली. आपले घर मोडून दुसऱ्याच्या वाड्यात राहायला जायचे तर तिथे आपल्या नावाचा उतारा आहे की नाही हे आधी बघावे लागते. अर्थात, हे आज मागे वळून पाहताना सुचते. १९०८ पासून ज्या दारावर धडका मारल्या ते उघडल्याच्या क्षणी असा हिशेब कोण करत बसेल?

एस्टेलबाई पुढे नॅशनल लीग फॉर नर्सिंग या संस्थेत वरिष्ठ पदावर गेल्या. देशभरातील नर्सिंग शिक्षणाचा दर्जा ठरवणारी ही संस्था. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. लग्नांमुळे त्यांचे नाव बदलत गेले, मॅसी, मग रिडल, मग ऑस्बर्न. त्यामुळे जुने कागद चाळणाऱ्यांची फसगत होते, एकाच बाईला तीन बाया समजणारेही भेटतात.

आपल्या देशात नर्सिंगची मास्टर्स पदवी दिल्लीच्या नर्सिंग कॉलेजात १९५९ साली सुरू झाली, म्हणजे एस्टेलबाईंच्या पदवीनंतर अठ्ठावीस वर्षांनी. आज एम.एस्सी. नर्सिंग झाल्याशिवाय नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक होता येत नाही, प्राचार्य तर दूरच. म्हणून मुलगी जी.एन.एम. झाली, सरकारी नोकरी लागली, आता लग्न उरका, असे म्हणणाऱ्या बापाला एवढेच विचारावे, रजा काढून बी.एस्सी., एम.एस्सी. करायची ठरवली तर तिच्या पाठीशी कोण आहे? सुट्टीच्या सत्रांसाठी एस्टेलबाई किती मैलांचा प्रवास करून न्यूयॉर्क गाठत असतील, त्याचा विचार तिच्या घरात एकदा व्हायला हरकत नाही.

त्यांनी चालवलेल्या होमर जी. फिलिप्स हॉस्पिटलमध्ये कृष्णवर्णीय परिचारिका आणि डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या. १९७९ साली शहराच्या प्रशासनाने ते बंद केले. सेंट लुइसचा कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर उतरला, पोलिसांशी झटापटी झाल्या, पण रुग्ण हलवले गेले. एस्टेलबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. १२ डिसेंबर १९८१ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे त्यांचे निधन झाले. १९८४ साली, ज्या संघटनेच्या दाराबाहेर त्यांच्या पिढीला ताटकळावे लागले, त्या अमेरिकन नर्सेस असोसिएशनने आपल्या मानाच्या यादीत त्यांचे नाव घेतले. रुग्णालयाची ती इमारत मात्र बरीच वर्षे रिकामी पडून राहिली आणि पुढे तिथे वृद्धांसाठी घरे झाली.